आंदणातलं पुस्तक : मराठी पाकग्रंथ आणि भेटीचा इतिहास



दिवाळीच्या तोंडावर हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. येत्या पंधरवड्यात आपल्यापैकी बरेच जण पुस्तकांच्या दुकानात जातील. दिवाळी अंक घेतील आणि जाता जाता स्वयंपाकाच्या पुस्तकांचं कपाटही चाळतील. भाऊबीजेला बहिणीला काय द्यायचं, नव्या सुनेच्या पहिल्या दिवाळसणाला काय द्यायचं, परदेशी निघालेल्या नातवाच्या बॅगेत काय ठेवायचं? पाकग्रंथ ही सोपी भेट वाटते. किंमत बेताची, उपयोग रोजचा, आणि नको म्हणणारं कोणी नाही.

पण ही भेट वाटते तितकी साधी नाही. पाकग्रंथ देताना आपण पाककृतींबरोबर एक निवाडाही देत असतो. कोणतं स्वयंपाकघर प्रमाण मानायचं आणि ते कोणी सांभाळायचं, याचा हा निवाडा. त्याचा इतिहास आज थोडक्यात मांडतो.

आपल्याकडे अन्नावर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचं सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने तंजावरच्या मराठी राज्यात 'भोजनकुतूहल' लिहिलं. पुढे त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातल्या मुदपाकखान्याची नोंद 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने मराठीत झाली. हे सगळं राजवाड्यातलं लेखन. ते पोथ्यांत राहिलं. घरोघरच्या बायकांना त्याची गरज नव्हती, आणि बहुतेकींना वाचताही येत नव्हतं. त्यांचं शास्त्र सासूच्या हातात होतं. पुस्तक भेट द्यायचं तर आधी पुस्तक छापलं गेलं पाहिजे, आणि ज्या बाईला ते द्यायचं तिला वाचता आलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या.

छापील मराठी पाकग्रंथांत सगळ्यांत जुनं मानलं जाणारं 'सूपशास्त्र' १८७५ चं. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं. आता ही दोन शीर्षकं शेजारी ठेवून बघा. एक म्हणतं 'शास्त्र', दुसरं म्हणतं 'मित्र'. शास्त्र विद्वानाच्या फळीवर राहतं. मित्र हातात हात देतो. पाकग्रंथ भेट म्हणून शोभायला लागला तो या दुसऱ्या शब्दाने, असं मला वाटतं.

आणि मित्राची गरज का पडली? कारण घरं फुटली. भांडून नव्हे हं, नोकरीपायी. आपल्या नागपूरचंच घ्या. १८६७ मध्ये इथे रेल्वे आली. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. मध्य प्रांताची राजधानी म्हणून कचेऱ्या होत्या, कोर्टं होती. देशावरून, कोकणातून, वऱ्हाडातून माणसं आली आणि इथलीच झाली. बदलीच्या गावी नवराबायको दोघंच. डाळीला फोडणी कधी द्यायची हे विचारायला घरात थोरली बाई नाही. सासूचा हात जिथे पोचेना, तिथे पुस्तक पोचलं. तमिळ घरांतही हेच घडलं. मीनाक्षी अम्माळ यांचं 'समैत्तु पार' १९५१ साली आलं आणि तिकडच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नव्या नवऱ्यांच्या सामानात गेलं.

मराठीत या गोष्टीचा कळस म्हणजे १९७० सालची 'रुचिरा'. कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ चा, शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. आणि त्यांच्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. 'रुचिरा' लग्नात मिळालेली नाही असं मध्यमवर्गीय मराठी घर एके काळी शोधावं लागलं असतं. काही घरांत दोन-दोन प्रती आल्या!

'रुचिरा'चं यश कशात होतं? वाटी आणि चमच्यात. जुनी मापं शेर, पावशेर, नवटाक, तोळा, मासा यांची. १९५८ पासून सरकारने दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आणली, म्हणजे दुकानात किलो-ग्रॅम आलं. पण ओट्यावर तराजू कुठे होता? थोरल्या बायका अंदाजाने करत, आणि अंदाज काही पत्राने पाठवता येत नाही. कमलाबाईंनी प्रत्येक घरात असलेली वाटी उचलली आणि तिचं माप केलं. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे दोन मिनिटं मागतो. प्लेटोच्या 'गॉर्जियस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की पाककर्म ही खरी कला नव्हेच. तो नुसता सरावाने आलेला हातखंडा आहे, जिभेची खुशामत आहे. अडीच हजार वर्षं हा शेरा स्वयंपाकघराच्या दारावर लटकत राहिला. पुढे १९४९ मध्ये गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने सांगितलं की 'अमुक तसं आहे' हे कळणं वेगळं आणि 'अमुक कसं करायचं' हे येणं वेगळं. स्वयंपाकी आधी मनात कृती म्हणतो आणि मग हात चालवतो, असं काही नसतं. त्याचं शहाणपण त्याच्या हातातच असतं. कमलाबाईंनी हे हातातलं शहाणपण कागदावर उतरवलं, तेही चौथीपर्यंतच्या शिक्षणावर. मराठी गद्याच्या इतिहासात या कामाची नोंद व्हायला हवी. आपण ती पुस्तकं 'बायकांची पुस्तकं' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवली.

आता भेटीकडे वळू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याचा भेटवस्तूंवरचा निबंध १९२५ चा. त्याचं म्हणणं असं की कोणतीही भेट फुकट नसते. देणं, घेणं आणि परतफेड करणं, तिन्ही बांधून टाकणारी असतात. आंदणातल्या पाकग्रंथाला हे तंतोतंत लागू पडतं. घागर, समई, पाट यांच्या शेजारी ठेवलेलं ते पुस्तक मुलीला प्रेमाने सांगतं, 'तू एकटी नाहीस.' आणि त्याच दमात बजावतं, 'हे आता तुझं काम.' परतफेड रोज दोन वेळा, आयुष्यभर. तेच पुस्तक जावयाला देण्याचा रिवाज आपण कधी पाडला नाही. अलीकडे शिकायला परदेशी जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत आई 'रुचिरा' किंवा मंगला बर्वे यांची 'अन्नपूर्णा' घालते. गरजेपोटी का होईना, तिथे रिवाज मोडला. पण तो परत आला की पुस्तक पुन्हा कोणाच्या हातात जातं, ते आपापल्या घरी बघा.

दुसरा मुद्दा आपल्या गावाचा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. विदर्भ त्याआधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात. 'रुचिरा' आली तेव्हा राज्याला जेमतेम दहा वर्षं झाली होती. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या एका गाजलेल्या लेखात दाखवलं की 'भारतीय पाकशैली' ही गोष्ट घडवण्यात मध्यमवर्गासाठी लिहिलेल्या पाकग्रंथांचा मोठा वाटा आहे. मी म्हणतो, 'महाराष्ट्रीय जेवण' हीसुद्धा तशीच पुस्तकांनी घडवलेली गोष्ट आहे. आणि ते घडवताना पंगतीचं पान पुण्या-सांगलीकडचं मांडलं गेलं.

नागपूरच्या मुलीला आंदणात मिळालेल्या पुस्तकात कोथिंबीर असते. तिच्या घरी तिला सांबार म्हणतात. पुस्तकात बटाटा, घरात आलू. पुस्तकात पातेलं, घरात गंज. पुस्तकात गोडा मसाला आणि गुळाचा खडा, घरात भिवापुरी मिरचीचं तिखट. सांबारवडी, पाटोडीचा रस्सा, वडाभात, वांग्याच्या भाजीबरोबरचे रोडगे यांना अशा पुस्तकांत फार तर 'वऱ्हाडी प्रकार' म्हणून कोपरा मिळे. स्वतःच्या घरचं जेवण पुस्तकात 'प्रकार' म्हणून भेटलं की माणसाला हळूहळू वाटू लागतं की आपलं ते गावठी आणि छापलेलं ते खरं. कोणी जाणूनबुजून हे केलं असं मी म्हणत नाही. लिहिणारी बाई स्वतःचं स्वयंपाकघर लिहिते, आणि ते रास्तच आहे. चूक वाचणाऱ्या समाजाची. त्याने एका घराचं पुस्तक सगळ्या राज्याचं मानलं.

पण जे लिहिलं गेलं नाही ते सगळं उपेक्षितच, असंही समजू नका. आपलं सावजी घ्या. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण. जवसाचं तेल, झणझणीत मसाला. हातमागाला उतरती कळा लागली तेव्हा कित्येक घरांना खानावळीने हात दिला. त्यांचा मसाला ही त्यांची मिळकत आहे. ती त्यांनी छापून का वाटावी? तिथे न लिहिणं हाही एक हक्क आहे.

याच्या उलट काही स्वयंपाकघरं अशी, की ज्यांच्याकडे कोणी विचारायलाच गेलं नाही. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींचं काम पुढे आणलं. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता : हे ताट भारतीय नाही काय? आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या 'पूर्ण'ला त्यांनी एक 'अ' जोडला आणि सगळं सांगून टाकलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजे, काय मिळे, काय मिळत नसे, रक्ती कशी करत, मांसाच्या चान्या कशा वाळवत, हे त्यात आहे. तूप-तेलाची चैन नसलेल्या चुलीचं ते पाकशास्त्र आहे. त्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, हे लक्षात घेतलं म्हणजे या नोंदीचं मोल कळतं. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि ते जगभर वाचलं गेलं. आपल्या किती घरांत ते मराठीतून आलं?

हा प्रश्न नागपुरात विचारायला अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या भूमीवर डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथे दरवर्षी विजयादशमीला लाखो माणसं येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. कष्टाच्या पैशातून, पिशव्या भरभरून. सणाला पुस्तक घरी नेणं म्हणजे काय, हे शिकायला या शहराला दूर जावं लागत नाही.

तर या दिवाळीला पाकग्रंथ निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे पुस्तक मी कोणाच्या आनंदासाठी देतो आहे, तिच्या की तिच्या हातचं खाणाऱ्यांच्या? यातली चूल कोणाची, आणि ती मला आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर यंदा दुसऱ्या कोणाची घ्या. आणि तिसरा, हे पुस्तक मी जावयाला देईन का? देईन म्हणत असाल तर बेलाशक द्या. नुसतं वाचायला आवडणाऱ्यांसाठी दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' आहे. विदुषीने खाण्यावर लिहिलं की काय होतं ते त्यात बघायला मिळतं.

आणि एक स्वस्त भेट सुचवतो. दोनशे पानी कोरी वही घ्या. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईजवळ बसा, तिचा अंदाज वाटी-चमच्यात उतरवून घ्या, आणि शब्द तिचेच ठेवा. सांबार म्हणाली तर सांबारच लिहा. तिची परवानगी मात्र आधी घ्या, कारण ती विद्या तिची आहे. मग ती वही मुलीला द्या, मुलालाही द्या. मागची पन्नास पानं कोरी ठेवा, त्यांनी लिहायला.

इथे थांबतो.