बाहेर भिजू दे, आत कोरडे राहो

पावसाळी भटकंती सुरू झाली की नव्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. रकसॅकला रेनकव्हर घातले होते, तरी आतले कपडे भिजले कसे? प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरामागे बराच इतिहास आहे.

आपल्या पूर्वजांचे पहिले उत्तर सरळ होते. पावसात दूरच्या प्रवासाला निघायचेच नाही. मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जात. मिठागरांतले मीठ बैलांवर लादून घाटमाथ्यावर नेणारे लमाणही कोरड्या दिवसांतच फिरत. मे महिन्यात आपल्याकडे पुरुमेंत भरतात, म्हणजे मीठ, मिरच्या, सोले, सुकी मासळी, त्यामागेही हाच विचार. शब्द पोर्तुगीजांकडून आला, गरज मात्र इथल्या पावसाची.

ज्यांना भर पावसात बाहेर पडणे भागच होते, त्यांनी दोन वाटा काढल्या. शेतात राबणाऱ्याने अंग झाकले. त्याच्याकडे बांबूच्या चौकटीत पाने बसवून केलेले इरले असे किंवा कांबळ्याची खोळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषूनही ऊब टिकवते, म्हणून कांबळे ओले झाले तरी चाले. दुसरी वाट डाकवाल्यांची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बांगी डाकेने, म्हणजे खांद्यावरच्या कावडीने, जाणारी पार्सले मेणकापडात बांधून पाठवीत. उत्तरेत अशा कापडाला मोमजामा म्हणतात. माणूस भिजे, कावड भिजे, पण वस्तू वेगळी गुंडाळलेली असे. माझ्या मते रकसॅकच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

युरोपात मात्र बाहेरचे आवरणच पक्के करण्याचा ध्यास घेतला गेला. खलाशी कापडाला जवसाचे तेल चोळीत. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये दिला आणि पेटंट घेतले. हे कापड उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठर. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवण्याची रीत शोधली, १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि हा दोष गेला. तरी एक अडचण उरलीच. कापड कितीही चांगले असो, ते शिवायचे म्हणजे सुईची भोके आली आणि भोकांतून पाणी आले.

रकसॅकचे दुखणे हेच. शिवाय हा जर्मन शब्द मुळात पाठीवरच्या पिशवीचा, आणि तिची पाठीला टेकणारी बाजू रेनकव्हरने झाकता येत नाही. मानेवरून आणि पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी तिथूनच शिरते व कव्हरच्या तळाशी साचते. चार-पाच तासांच्या मुसळधार पावसात कव्हराचा आधार फारसा उरत नाही.

मेणकापडाचा खरा वारस जन्मला १९३३ साली. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना एका प्रयोगात अनपेक्षितपणे मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. तेच पॉलिथिन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींसाठी वापरले, युद्धानंतर त्याच्या पिशव्या झाल्या. हिला सुईची शिवण नाही, म्हणून भोकेही नाहीत.

तेव्हा डाकवाल्याचीच रीत धरावी. रकसॅकच्या आत एक जाड, मोठी पिशवी अस्तरासारखी बसवावी, सगळे सामान तिच्यात भरावे, तोंड पिळून दुमडून दाबावे. रात्रीचे कपडे, पांघरूण आणि काडेपेटी त्याहून आत वेगळ्या पिशव्यांत ठेवावी. पाण्याची बाटली आणि ओला रेनकोट अस्तराच्या बाहेर राहू द्या. वाटेत लागणारे खाणे वरच्या कप्प्यात ठेवले की भर पावसात मुख्य पिशवी उघडावी लागत नाही.

ही नुसती सोयीची गोष्ट नव्हे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून आपण गाफील राहतो. पण चोर्ल्यासारख्या घाटात वारा सुटला की ओले कपडे अंगातली ऊब भराभर ओढून घेतात, आणि दमलेला, उपाशी माणूस गारठून आजारी पडतो. त्या वेळी एक कोरडा सदरा फार मोठे काम करतो.

आणखी एक. मेणकापड महाग होते, ते कोणी रानात टाकून येत नसे. पॉलिथिन स्वस्त झाले आणि धबधब्यांखाली पिशव्यांचे ढीग दिसू लागले. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. आपल्या कामाला तशीही जाडच पिशवी हवी. ती घरी परत आणा, पुसून वाळवा, पुढच्या पावसाळ्यात तीच पुन्हा काढा.