खर्जाच्या तारेची व्यथा

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे, मांडवी नदीच्या काठी, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. संत तुकारामांचे गुरू म्हणून वारकरी संप्रदाय त्यांना मानतो. वारकरी भजनात टाळ-मृदंगाच्या गजराखाली वीणेचा खर्ज चालूच असतो. तो वेगळा जाणवत नाही. थांबला की मात्र आधार निखळल्यासारखे वाटते. आपल्या गायनवृंदात हेच काम बेस गिटार करते. फरक एवढाच की, वीणेला भोपळ्याचे पोट आहे, बेस गिटार मात्र भरीव लाकडाची. तिचा आवाज सर्वस्वी विजेच्या हाती. म्हणूनच आवाज क्षीण येणे आणि आवाज फाटणे या दोन तक्रारी तिच्या इतिहासात सतत भेटतात.

या वाद्याचे मूळ मायकल फॅरडे यांच्या १८३१ सालच्या प्रयोगांत आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे त्यांनी दाखविले. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी आडवी धरून वाजविण्याची विजेची बेस घडविली. परंतु तिचा प्रसार झाला नाही. तो मान १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या ‘प्रिसिजन बेस’ला मिळाला. माणसाहून उंच डबल बेस वाहून नेणारे वादक खांद्याला पट्टा अडकवून मोकळे झाले.

दि. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा गौरव कायम राखून, पवित्र उपयोगास योग्य अशा अन्य वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाव दिला गेला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि संयोजक आधीपासूनच अग्रेसर होते. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही नावे सर्वपरिचित आहेत. पुढे गिटारही देवळाच्या गायनमंचावर आली आणि तिच्यामागोमाग तिची दुखणीही.

पहिले दुखणे घुमण्याचे. बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, तर तिच्या पुढच्या तारेची ५५. आपल्या घरगुती विजेची आवर्तने ५०! म्हणजे विजेची घरघर नेमकी खर्जाच्याच घरात शिरते. फेंडर यांनी १९५७ साली पिकअपचे दोन तुकडे करून त्यांची जोडणी परस्परविरुद्ध केली. घरघर एकमेकींना छेदून जाते, तारेचा स्वर मात्र टिकतो.

दुसरे दुखणे आवाज फाटण्याचे, आणि त्याची कथा मोठी रंजक आहे. १९६० साली नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बेसचा आवाज अचानक फाटला. दोष वाद्याचा नव्हता, वादकाचाही नव्हता; ध्वनियंत्राची एक वाहिनी बिघडली होती. तो फाटका स्वर तसाच ठेवला गेला आणि गीत गाजले. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच परिणाम मुद्दाम साधणारे उपकरण रचले. १९६२ साली ते बाजारात आले. हवा तेव्हा फाटणारा आवाज ही कला झाली. नको तेव्हा फाटणारा आवाज दोषच राहिला.

तिसरे दुखणे बॅटरीचे. १९७६ सालच्या ‘स्टिंगरे’ बेसमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा वर्धक वाद्यातच बसविला होता. अशा बहुतेक वाद्यांत केबल खोचताच बॅटरी चालू होते. रात्रभर केबल तशीच राहिली, तर आवाज आधी क्षीण होतो, मग फाटू लागतो.

या इतिहासातून उपचाराचा क्रम आपोआप मिळतो: तारेपासून निघावे आणि स्पीकरपर्यंत जावे. पिकअप तारेपासून फार दूर असेल तर आवाज दुबळा. फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर बिघडतो. मग बॅटरी, खरखरणारे बटण, जॅकचा सुटलेला डाग आणि केबल पाहावी. दुसरी केबल लावणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा. बॅटरीविरहित बेस थेट ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरला जोडल्यास आवाज मंद व निस्तेज येतो. मध्ये डीआय बॉक्स हवा. अखेरीस वर्धकाचा गेन कमी करून पाहावा. तरीही करकर राहिली, तर स्पीकरचा पडदा फाटला आहे का ते तपासावे.

आरंभ तारेपासूनच का, याचे उत्तर ओतूरच्याच तालुक्यात, खोडद येथे उभे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणारे संदेश अतिशय क्षीण. म्हणून पहिला वर्धक तबकडीच्या नाभीपाशीच बसविलेला असतो. आरंभी जे हरवले ते पुढचा कितीही मोठा वर्धक परत आणू शकत नाही. तो फक्त गोंगाट मोठा करतो.

धर्मग्रामाच्या निधीतून नवा वर्धक घेण्यापूर्वी, किंवा बेस वाजविणाऱ्या मुलाला बोल लावण्यापूर्वी, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. पुष्कळदा आपला खर्ज पाच मिनिटांच्या डागकामासाठी मुका झालेला असतो.