ताओ मत

चीनमध्ये उदयास आलेली एक प्राचीन विचारप्रणाली व तिच्याशी निगडित असलेला धर्म. ‘ताओ’ ह्या चिनी शब्दाचा मूळ अर्थ ‘वाट’ असा आहे. त्यावरून आचरणाची रीत व पुढे विश्वाचे मूलतत्त्व असे त्याचे अर्थ रूढ झाले. तत्त्वज्ञानात्मक प्रवाहास ‘ताओ-च्या’ व धार्मिक प्रवाहास ‘ताओ-च्याओ’ अशा दोन संज्ञा चिनी भाषेत आहेत. पहिल्या प्रवाहात निसर्गक्रमाचा व त्याबरोबरच मृत्यूचाही शांतपणे स्वीकार अभिप्रेत आहे; दुसऱ्यात दीर्घायुष्य व अमरत्व मिळविण्याचा प्रयत्न ठळकपणे दिसतो. तथापि दोन्ही प्रवाहांनी एकाच ग्रंथास प्रमाण मानले. ह्या दोन प्रेरणांमधील ताण हे ताओ मताच्या इतिहासाचे एक प्रमुख सूत्र होय.

ग्रंथ व प्रवर्तक : लाओ-त्से हा ताओ मताचा प्रवर्तक मानला जातो. स्सु-मा च्येन ह्या इतिहासकाराने इ. स. पू. १०० च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतानुसार तो कन्फ्यूशसचा (इ. स. पू. ५५१–४७९) ज्येष्ठ समकालीन व जौ राजदरबाराच्या दप्तरखान्याचा अधिकारी होता. राज्याची अवनती पाहून तो पश्चिमेकडे निघाला असता सीमेवरील खिंडीच्या रक्षकाने त्यास आपले विचार लिहून ठेवण्याची विनंती केली. त्यातून सु. ५,००० चिनी अक्षरांचा ग्रंथ तयार झाला, अशी कथा आहे. लाओ-त्सेच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वानांत एकमत नाही. ताओ-ते-चिंग नावाने प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ ८१ लहान प्रकरणांचा असून तो अनेकांच्या वचनांतून हळूहळू आकारास आला असावा, असे मत आज प्रचलित आहे. हूनान प्रांतातील मा-वांग-त्वै येथे इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात १९७३ साली रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या त्याच्या दोन प्रती मिळाल्या. त्यांत ग्रंथाच्या दोन भागांचा क्रम प्रचलित पाठाच्या उलट आहे. १९९३ मध्ये हूपे प्रांतातील क्वो-त्येन येथे सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरील अंश त्याहूनही जुना, म्हणजे इ. स. पू. ३०० च्या सुमाराचा आहे.

च्वांग-त्से (इ. स. पू. चौथे शतक) हा दुसरा थोर विचारवंत. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाची ३३ प्रकरणे उपलब्ध असून त्यांतील पहिली सात त्याची स्वतःची समजली जातात. कथा, संवाद व विनोद ह्यांनी हा ग्रंथ नटलेला आहे.

तत्त्वज्ञान : ताओ हे सर्व वस्तूंचे उगमस्थान असले, तरी तो जगाचा निर्माता किंवा शास्ता ईश्वर नव्हे. तो नाम व रूप ह्यांच्या पलीकडचा असून शब्दांनी त्याचे पूर्ण वर्णन होत नाही. प्रत्येक वस्तूत त्याचे जे सामर्थ्य प्रकटते, त्यास ‘ते’ अशी संज्ञा आहे. ‘वू-वै’ ही ताओ मतातील मध्यवर्ती नैतिक कल्पना होय. तिचा शब्दशः अर्थ ‘न करणे’ असा असला, तरी ती आळसाचा पुरस्कार करीत नाही. वस्तूंच्या स्वाभाविक गतीत बळाने ढवळाढवळ न करता वागणे, असा तिचा आशय आहे. ह्यासाठी ताओ-ते-चिंगमध्ये पाण्याचा दृष्टान्त येतो. पाणी मृदू असते व सखल जागी राहते. तरीही कठीण खडक झिजविते. राजाने कायदे, कर व युद्धे ह्यांचा पसारा वाढवू नये, ही त्या ग्रंथातील राजनीती ह्याच विचारातून निघते. जौ सत्ता खिळखिळी होऊन मांडलिक राज्ये परस्परांशी झुंजत असण्याच्या काळात हा विचार मांडला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

च्वांग-त्सेने हाच विचार व्यक्तीच्या जीवनास लावला. बैलाचे मांस कापणारा एक कुशल खाटीक सांध्यांमधील पोकळीतूनच सुरी फिरवितो, म्हणून वर्षानुवर्षे तिची धार बोथट होत नाही, अशी एक कथा त्याच्या ग्रंथात आहे. पत्नी वारल्यावर तो भांडे वाजवीत गात बसला, अशीही कथा तेथे येते. आपल्यालाही आरंभी दुःख झाले; परंतु जन्म व मृत्यू हे ऋतूंसारखेच स्थित्यंतर आहे हे उमगल्यावर शोक थांबला, असे स्पष्टीकरण तो देतो.

धर्माचा उदय : हान काळाच्या आरंभी दरबारात ताओवादी राजनीतीचा प्रभाव होता, पुढे सम्राट वू-ती ह्याच्या कारकीर्दीत (इ. स. पू. १४१–८७) कन्फ्यूशस मतास राजमान्यता मिळाली. संघटित ताओ धर्माचा आरंभ इ. स. १४२ पासून धरतात. त्या वर्षी सेचवान प्रांतात देवरूप लाओ-त्सेने आपणास दर्शन दिले, असे चांग ताओ-लिंग ह्याने घोषित केले. त्याच्या पंथास ‘दिव्य गुरूंचा पंथ’ म्हणतात. अनुयायांकडून पाच मापे तांदूळ घेण्याच्या प्रथेवरून त्यास दुसरेही नाव पडले. आजार हा दुष्कृत्यांचा परिणाम मानून रोग्याकडून पापांची कबुली घेण्यात येई. वाटसरूंना विनामूल्य अन्न देणाऱ्या धर्मशाळाही ह्या पंथाने चालविल्या. ताओ-लिंगचा नातू चांग लू ह्याने हान-चुंग भागात स्वतंत्र धर्मराज्य चालविले, इ. स. २१५ मध्ये तो त्साव त्सावला शरण गेला. इ. स. १८४ मधील ‘पीत फेटेवाल्यां’च्या उठावामागेही अशाच एका ताओ पंथाची प्रेरणा होती. अनाक्रमणाचा पुरस्कार करणाऱ्या मताने पीडित शेतकऱ्यांच्या हाती शस्त्र दिले, ही ह्या इतिहासातील एक विसंगती होय.

अमरत्वाची साधना : अमर पुरुषांवरील श्रद्धा ताओ धर्माहून जुनी आहे. सम्राट छिन शृ-ह्वांग-ती ह्याने (कार. इ. स. पू. २२१–२१०) अमरत्वाच्या औषधीसाठी पूर्व समुद्रात माणसे धाडली होती. को हुंग (२८३–३४३) ह्याने पाव-पू-त्से ह्या ग्रंथात सुवर्ण व हिंगूळ ह्यांपासून रसायने बनविण्याचे विधी दिले. पाऱ्याच्या अशा रसायनांनी अनेकांचा बळी घेतला. तांग वंशातील काही सम्राटांचे मृत्यूही त्यांमुळेच झाले असे मानतात. ह्याच प्रयोगांतून नवव्या शतकापर्यंत बंदुकीच्या दारूचा शोध लागला. पुढे बाह्य रसायनाऐवजी ‘आंतरिक रसायना’स महत्त्व आले. भट्टी म्हणजे साधकाचा देह व द्रव्ये म्हणजे त्यातील प्राणशक्ती (छी), असा अर्थ रूढ होऊन श्वासनियमन, ध्यान व संयम ह्यांवर भर देण्यात आला.

राजाश्रय व आपत्ती : तांग सम्राटांचे (६१८–९०७) आडनाव ली असल्याने ते लाओ-त्सेला आपला पूर्वज मानीत. बाराव्या शतकात वांग चुंग-यांग (१११३–७०) ह्याने छ्वान-चेन (पूर्ण सत्य) हा ब्रह्मचारी भिक्षूंचा पंथ स्थापिला. ताओ, बौद्ध व कन्फ्यूशस ह्या तिन्ही मतांचा मेळ घालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. ह्या पंथाचा प्रमुख चिउ छू-ची ह्यास चंगीझखानाने पाचारण केले. वृद्धपणी दीर्घ प्रवास करून तो १२२२ मध्ये हिंदुकुश परिसरात खानास भेटला. अमरत्वाचे औषध आणले आहे काय, ह्या प्रश्नावर आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारे औषध नाही, असे त्याने स्पष्टपणे सांगितले. खानाने संतुष्ट होऊन पंथास करमाफी दिली. तथापि बौद्धांशी झालेल्या वादांत ताओपंथीयांचा पराभव झाल्यावर १२८१ मध्ये कूब्लाईखानाने ताओ-ते-चिंग वगळता त्यांचे ग्रंथ जाळण्याचा आदेश दिला. ह्या आपत्तीतून उरलेले व नंतरचे ग्रंथ एकत्र करून मिंग काळात, १४४५ मध्ये, ताओ-त्सांग हा धर्मग्रंथसंग्रह छापण्यात आला. १९२३–२६ मध्ये शांघाय येथे त्याचे पुनर्मुद्रण झाल्यावर तो विद्वानांना सुलभ झाला.

उपासना : ‘तीन विशुद्ध’ ही सर्वोच्च दैवते असून लाओ-त्सेचे दैवी रूप हे त्यांपैकी एक होय. पाचूचा सम्राट व आठ अमर पुरुष हेही लोकप्रिय आहेत. छ्वान-चेन पंथाचे भिक्षू मठात राहतात व मांसाहार वर्ज्य करतात. दिव्य गुरूंच्या परंपरेतील चंग-यी पुरोहित विवाह करून गावात राहतात. ग्रामशांतीचे मोठे विधी, अंत्यविधी व मंत्रांकित चिठ्ठ्या ही त्यांची कामे होत.

भारताशी संबंध : कामरूपचा राजा भास्करवर्मा ह्याच्या विनंतीवरून तांग सम्राटाने ६४७ मध्ये ह्युएनत्संगास ताओ-ते-चिंगचा संस्कृत अनुवाद करण्याची आज्ञा दिली. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द योजावा, असे सहकारी ताओ पंडितांचे म्हणणे होते. बौद्ध परिभाषेशी होणारी ही सरमिसळ नाकारून ह्युएनत्संगाने ‘मार्ग’ ह्या शब्दाचा आग्रह धरला. अशा अनुवादाची कोणतीही प्रत आज उपलब्ध नाही.

आधुनिक काळ : १९४९ च्या सुमारास दिव्य गुरूंच्या परंपरेचा प्रमुख तैवानला गेला. चीनमध्ये १९५७ साली अखिल चिनी ताओ संघटना स्थापन झाली. परंतु सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) मंदिरे बंद पडली व अनेकांची नासधूस झाली. त्यानंतर पीकिंग येथील श्वेत मेघ मठासारखी स्थाने पुन्हा उघडली. ताओ मत आज चीनमधील पाच अधिकृत धर्मांपैकी एक आहे. निसर्गदृश्यांची चित्रकला, वैद्यक व ध्यानमार्गी बौद्ध पंथ (छान) ह्यांवरील त्याचा प्रभाव मंदिरांच्या संख्येवरून मोजता येणारा नाही. अमरत्वाची रसायने विस्मृतीत गेली. देह व मन निसर्गक्रमाशी सुसंगत ठेवावे, हा मूळ विचार मात्र टिकून राहिला.