महाविद्यालयीन अध्यापकांचे सामुदायिक करार

महाविद्यालयीन अध्यापकांचे सामुदायिक करार : वेतन, कार्यभार, सेवाशाश्वती, बढती, रजा, तक्रार-निवारण इ. सेवाशर्तींविषयी महाविद्यालयातील वा विद्यापीठातील अध्यापकांची मान्यताप्राप्त संघटना आणि तेथील व्यवस्थापन यांच्यात वाटाघाटी होऊन ठरावीक मुदतीसाठी केलेले, उभय पक्षांवर बंधनकारक असणारे लेखी करार. कारखानदारीत रुळलेली सामुदायिक सौद्याची पद्धती उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० नंतर विस्तारली. तिचा इतिहास हा केवळ पगारवाढीचा इतिहास नव्हे. अध्यापक हा संस्थेचा नोकर आहे की तिच्या कारभारातील भागीदार, या जुन्या वादाला या करारांमुळे कायदेशीर रूप प्राप्त झाले व तो अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपातील काही विद्यापीठे ही मुळात अध्यापकांचेच संघ होते. अमेरिकेतील महाविद्यालयांत मात्र प्रारंभापासून अंतिम सत्ता बहुधा बाहेरच्या विश्वस्तांच्या हाती राहिली. अध्यापकाची नेमणूक व बडतर्फी विश्वस्तांच्या मर्जीवर अवलंबून असे. १९०० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांना संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांच्या नाराजीमुळे पद सोडावे लागले. त्याच्या निषेधार्थ राजीनामा देणाऱ्यांत तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय हे होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९१५ मध्ये ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स’ (यापुढे ‘प्राध्यापक संघ’) ही संघटना स्थापन झाली. जॉन ड्यूई हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ही संघटना स्वतःस कामगार संघटना मानीत नसे. अन्यायाची चौकशी करणे, अहवाल प्रसिद्ध करणे व दोषी व्यवस्थापनाचा जाहीर निषेध नोंदविणे, एवढीच तिची साधने होती. महाविद्यालयांच्या संघटनेसमवेत तिने १९४० मध्ये काढलेले शैक्षणिक स्वातंत्र्य व सेवाशाश्वती यांविषयीचे संयुक्त निवेदन महत्त्वाचे आहे. परिवीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा व त्यानंतर पुरेशा कारणावाचून अध्यापकास काढू नये, हे त्यातील तत्त्व बहुसंख्य संस्थांनी स्वीकारले. तथापि ते तत्त्व होते, करार नव्हता. शालेय शिक्षकांचा भरणा असलेला ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ हा महासंघ १९१६ पासून कामगार चळवळीशी संलग्न होता; परंतु महाविद्यालयांत त्याचा प्रभाव दीर्घकाळ मर्यादित राहिला.

कायद्याची चौकट : १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध अधिनियमाने (वॅग्नर अधिनियम) खाजगी क्षेत्रातील कामगारांना संघटना करण्याचा व सामुदायिक सौद्याचा हक्क दिला, सरकारी नोकरांना तो लागू नव्हता. त्यामुळे राज्य विद्यापीठांतील अध्यापकांचा हक्क त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहिला. ना-नफा तत्त्वावरील खाजगी विद्यापीठांच्या बाबतीतही राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने १९५१ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात, हस्तक्षेप नाकारला होता. सार्वजनिक क्षेत्रात परिस्थिती आधी बदलली. १९५९ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने स्थानिक संस्थांच्या नोकरांना असा हक्क दिला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आदेशाने संघराज्याच्या नोकरांना त्याचा मर्यादित लाभ मिळाला. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा टेलर अधिनियम आला. या अधिनियमाने वाटाघाटींचा हक्क दिला, पण संपास बंदी कायम ठेवली. खाजगी विद्यापीठांविषयीचे आपले धोरण श्रमसंबंध मंडळाने १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकरणात बदलले आणि पुढील वर्षी लाँग आयलंड विद्यापीठाच्या सी. डब्ल्यू. पोस्ट केंद्राच्या प्रकरणात अध्यापकांना व्यावसायिक कर्मचारी म्हणून सौद्याचा हक्क मान्य केला.

विस्तार : दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. द्विवर्षीय सामुदायिक महाविद्यालये निघाली आणि अनेक महाविद्यालये एकाच मध्यवर्ती प्रशासनाखाली आणणाऱ्या प्रचंड विद्यापीठव्यवस्था उभ्या राहिल्या. अधिष्ठात्याच्या दालनात बसून प्रश्न मिटविण्याचे दिवस संपत आले. न्यूयॉर्क शहरातील शालेय शिक्षकांनी १९६० व १९६२ मध्ये संप करून मिळविलेल्या यशाचाही महाविद्यालयीन अध्यापकांवर परिणाम झाला.

याच शहरातील सेंट जॉन्स या कॅथलिक विद्यापीठाने डिसेंबर १९६५ मध्ये ३१ अध्यापकांना सुनावणीवाचून अध्यापनातून दूर केले. जानेवारी १९६६ मध्ये तेथे सुरू झालेला संप हा अमेरिकेतील विद्यापीठीय अध्यापकांचा पहिला मोठा संप मानला जातो. प्राध्यापक संघाने विद्यापीठाचा निषेध केला. पण १९६७ मध्ये संप मिटला तेव्हा काढलेले अध्यापक परत आले नव्हते. नैतिक निषेधाची मर्यादा या घटनेने उघड केली. १९७० मध्ये तेथील अध्यापकांनी सामुदायिक सौद्याच्या बाजूने कौल दिला.

न्यूयॉर्क शहर विद्यापीठात डिसेंबर १९६८ मध्ये मतदान होऊन कायम व अकायम अध्यापकांसाठी दोन निराळ्या संघटना निवडून आल्या आणि १९६९ मध्ये त्यांचे करार झाले. १९७२ मध्ये या दोन्ही संघटना विलीन होऊन ‘प्रोफेशनल स्टाफ काँग्रेस’ ही संघटना निर्माण झाली. त्याच वर्षी प्राध्यापक संघानेही दीर्घ वादानंतर सामुदायिक सौदा हे आपल्या उद्दिष्टांचे एक साधन म्हणून स्वीकारले. मात्र कराराने पैसा निर्माण होत नाही, हे १९७६ मध्ये दिसून आले. त्या वर्षी न्यूयॉर्क शहराच्या आर्थिक अरिष्टामुळे विद्यापीठ काही काळ बंद ठेवावे लागले व १८४७ पासूनची निःशुल्क शिक्षणाची परंपरा खंडित झाली.

वाटाघाटींची पद्धती : प्रथम ‘सौदा-घटक’ निश्चित केला जातो, म्हणजे पूर्णवेळ व अंशकालिक अध्यापक, ग्रंथपाल, विभागप्रमुख यांपैकी कोणाचा त्यात समावेश होतो ते ठरते. खाजगी संस्थेत घटकातील किमान ३० टक्के कर्मचाऱ्यांनी पाठिंबा दर्शविल्यास श्रमसंबंध मंडळ गुप्त मतदान घेऊ शकते. मतदानात बहुमत मिळविणारी संघटना त्या घटकाची एकमेव प्रतिनिधी ठरते. त्यानंतर दोन्ही पक्षांचे वाटाघाटी-मंडळ मागण्या व प्रतिप्रस्ताव यांची देवघेव करतात. कायद्यानुसार सद्भावनेने चर्चा करणे दोघांनाही बंधनकारक असते. पण एखादी मागणी मान्य केलीच पाहिजे, असे बंधन नसते. व्यवस्थापनाची वेळकाढूपणाची व संघटनेची दबावाची नीती या फटीतूनच उद्भवते. वेतन व कामाचे तास हे विषय चर्चेस अनिवार्य, तर काही विषय ऐच्छिक असतात. अभ्यासक्रम, प्रवेशाचे निकष, वर्गातील विद्यार्थिसंख्या यांपैकी कोणता विषय कोणत्या वर्गात मोडतो, यावर वारंवार तंटे झाले आहेत. कोंडी झाल्यास मध्यस्थी, तथ्यशोधन वा लवाद यांचा अवलंब होतो. समेट झाल्यावर मसुदा सभासदांच्या मतास टाकला जातो व मान्यतेनंतर बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी अंमलात येतो. करारातील सर्वांत परिणामकारक कलम बहुधा तक्रार-निवारणाचे असते. बढती नाकारताना ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली की नाही, हे त्यामुळे त्रयस्थ लवादापुढे तपासता येते. तथापि अध्यापकाच्या विद्वत्तेचे मूल्यमापन सामान्यतः लवादाच्या कक्षेबाहेर ठेवतात.

येशिवा निर्णय : न्यूयॉर्कमधील येशिवा विद्यापीठाच्या अध्यापक संघटनेस श्रमसंबंध मंडळाने मान्यता दिली, परंतु विद्यापीठाने वाटाघाटी नाकारल्या. २० फेब्रुवारी १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यापीठाचा पक्ष उचलून धरला. अभ्यासक्रम, वेळापत्रक, अध्यापनपद्धती, प्रवेश व पदवी यांविषयी अध्यापकच निर्णय घेतात. सबब ते ‘व्यवस्थापकीय कर्मचारी’ ठरतात व त्यांना १९३५ च्या अधिनियमाचे संरक्षण नाही, असे बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी म्हटले. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी भिन्नमतपत्रात निराळी भूमिका घेतली. अध्यापकांचे मत त्यांच्या तज्ज्ञतेमुळे विचारले जाते, ते व्यवस्थापनाचे हस्तक म्हणून नव्हे आणि अंतिम सत्ता प्रशासनाकडेच असते, असे त्यांनी प्रतिपादिले. या निर्णयातून एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. संस्थेच्या कारभारात अध्यापकांचा शब्द जितका वजनदार, तितका त्यांचा संघटनेचा हक्क दुबळा ठरू लागला. बॉस्टन विद्यापीठात १९७९ मध्ये संप होऊन करार झाला होता; तेथील अध्यापकही १९८६ मध्ये व्यवस्थापकीय ठरविण्यात आले. खाजगी संस्थांतील संघटनकार्य त्यामुळे मंदावले. राज्य विद्यापीठांना हा निर्णय थेट लागू नव्हता. तेथे करारांची पद्धती टिकून राहिली.

नंतरच्या घडामोडी : मिनेसोटातील सामुदायिक महाविद्यालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये असे ठरविले, की आपले म्हणणे शासनाने ऐकावे असा घटनात्मक हक्क अध्यापकांना नाही, केवळ मान्यताप्राप्त संघटनेशी विचारविनिमय करणे शासनास शक्य आहे. विस्कॉन्सिनमध्ये राज्य विद्यापीठाच्या अध्यापकांना २००९ मध्ये मिळालेला सौद्याचा हक्क २०११ मध्ये काढून घेण्यात आला. २०१८ मध्ये जेनस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक क्षेत्रातील बिगरसभासदांकडून सक्तीने शुल्क घेणे घटनाबाह्य ठरविले. याउलट पॅसिफिक ल्यूथरन विद्यापीठाच्या प्रकरणात श्रमसंबंध मंडळाने २०१४ मध्ये ‘व्यवस्थापकीय’ या संज्ञेचे निकष अधिक काटेकोर केले.

दरम्यान अध्यापकवर्गाचे स्वरूपच पालटले. सेवाशाश्वती असलेले अध्यापक अल्पसंख्य झाले आणि प्रतिविषय मोबदल्यावर सत्रापुरते नेमलेले अंशकालिक अध्यापक वाढले. यांना कारभारात स्थान नसल्याने येशिवा निर्णयाचा अडसरही नव्हता. संघटनेचे केंद्र साहजिकच त्यांच्याकडे सरकले. रटगर्झ या १७६६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात एप्रिल २०२३ मध्ये अध्यापकांचा पहिला संप झाला. त्यात कायम अध्यापक, अंशकालिक अध्यापक व संशोधक विद्यार्थी एकत्र आले. पाच दिवसांनंतर, राज्यपालांच्या मध्यस्थीने कराराची रूपरेषा ठरून तो स्थगित झाला.

भारतातील स्थिती : भारतात संस्थावार करारांची पद्धती रुजली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशी व राज्य शासनाचे निर्णय यांनी वेतनश्रेणी ठरत असल्याने अध्यापक संघटनांच्या वाटाघाटी महाविद्यालयाशी न होता शासनाशी होतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा ‘उद्योग’ नसल्याचे म्हटले होते. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात ते मत बदलून शिक्षणसंस्थांचा उद्योगात समावेश झाला. तथापि गोव्यातील एका शाळेसंबंधीच्या प्रकरणात १९८८ मध्ये, शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखालील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय झाला. अशा रीतीने संस्था उद्योग ठरली, पण तेथे शिकविणारा कामगार ठरला नाही. महाराष्ट्रात २०१३ मध्ये वेतनाची थकबाकी व नियुक्तीविषयक प्रश्नांवरून प्राध्यापकांनी परीक्षाकार्यावर प्रदीर्घ बहिष्कार घातला. त्यातही समोरचा पक्ष राज्य शासन हाच होता. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती अमेरिकेतील अंशकालिक अध्यापकांशी बरीच मिळतीजुळती आहे.

मूल्यमापन : सामुदायिक करारांमुळे अध्यापक व प्रशासन यांच्यातील सहकार्याचे नाते वैराचे बनते, गुणवत्तेऐवजी ज्येष्ठतेस महत्त्व येते व संपाची झळ विद्यार्थ्यांना पोहोचते, असे आक्षेप घेतले जातात. वेतनावरील त्यांच्या परिणामाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र मर्जीच्या जागी नियम व मौखिक आश्वासनाच्या जागी लेखी कलम आणण्याचे कार्य या करारांनी केले, हे सामान्यतः मान्य होते. ज्या संस्थांत सहकार्याची परंपरा खरोखर दृढ होती, तेथे करारांची निकड सहसा भासली नाही. करार झाले ते प्रामुख्याने जेथे ती परंपरा दुर्बल होती वा मोडली होती अशा ठिकाणी, हे लक्षात घेता वैराचे मूळ केवळ करारात शोधणे योग्य ठरत नाही.