दोन पदव्या, पाच वर्षे आणि मधला थांबा

धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव हे बी.ए., एलएल.बी. होते. या दोन पदव्यांमधला स्वल्पविराम त्या काळी फार महाग पडे. आधी कला शाखेची पदवी, मग कायद्याची. आणि दोन्हींसाठी खानदेश सोडणे भाग.

मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे इंडियन लॉ सोसायटीचे १९२४ चे. खानदेशात अमळनेरचे प्रताप महाविद्यालय निघाले तेच मुळी १९४५ साली; जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालयही त्याच सुमाराचे. तोवर फौजदारी कायदा शिकायचा, तर मुलाला वर्षानुवर्षे परगावी ठेवण्याची ऐपत घरात हवी. आरोपी अहिराणी बोलणारा, दंडसंहिता मात्र इंग्रजीत. मधला दुभाषी म्हणजे वकील, आणि तो अशाच ऐपतदार घरातला.

१९८२ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने बारावीनंतरच्या सलग पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा निर्णय घेतला. कायदा हा पदवीनंतर फावल्या वेळी उरकण्याचा विषय राहू नये, ही त्यामागची भूमिका. १९८८ मध्ये बंगळुरूला माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय विधी विद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. पदवीनंतरचा तीन वर्षांचा मार्गही चालूच राहिला. जुन्या मार्गाने सहा वर्षे, नव्याने पाच.

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होईपर्यंत खानदेश पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. पुण्याच्या रचनेत एक शहाणपण होते, ते आज फारसे कुणाला आठवत नाही. तीन वर्षांनंतर बी.एस.एल. ही पदवी मिळे, पुढच्या दोन वर्षांनी एलएल.बी. कापसाचा एक हंगाम बुडाला आणि शिक्षण सुटले, तरी हाती पदवी राहत असे.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी एकत्रित अभ्यासक्रम मध्येच तोडून पदवी देण्यास मनाई केली. शिस्तीच्या दृष्टीने नियम समजण्याजोगा आहे. त्याची किंमत मात्र पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने मोजायची.

त्यातच १ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अभ्यासक्रमाच्या मध्यावर असलेल्यांना कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागले. जुनेही विसरून चालत नाही, कारण ३० जूनपर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना धुळे-जळगावच्या न्यायालयांत अजून जुनीच संहिता लागू होते.