नंदी कोणाकडे पाहतो?

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात सीझिनकोट नावाची एक दगडी हवेली आहे. दगड मधाच्या रंगाचा. तसल्या हवेल्या त्या भागात पुष्कळ. पण हिच्या डोक्यावर तांब्याचा, कांद्याच्या आकाराचा घुमट आहे, चारी कोपऱ्यांवर छत्र्या आहेत आणि भिंतीपुढे खूप बाहेर आलेला छज्जा आहे.

कंपनीच्या फौजेतल्या जॉन कॉकरेलने १७९५ साली ही जमीन घेतली. १७९८ मध्ये तो वारला. १८०५च्या सुमारास त्याचा भाऊ चार्ल्स याने इथे नवं घर उभारायला घेतलं. चार्ल्सचा पैसा बंगालचा: कंपनीची चाकरी आणि कलकत्त्यातली पेढी. आराखडा तिसऱ्या भावाचा, सॅम्युएल पीप्स कॉकरेलचा. तो हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. त्याच्यापुढे होती ती थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी इथे हिंडून काढलेली चित्रं.

भाषांतर हा माझा व्यवसाय, म्हणून हे घर मला अस्वस्थ करतं. मूळ भाषा न येणाऱ्याने चित्रांवरून केलेलं हे भाषांतर आहे. शब्द मोगली, व्याकरण इंग्रजी. बाहेर छज्जा आणि कमानी. आत दालनं ग्रीक-रोमन वळणाची, लंडनच्या कुठल्याही श्रीमंत घरात शोभतील अशी. आग्र्याला छज्जा भिंतीला उन्हापासून वाचवतो. ग्लॉस्टरशरमध्ये ऊन मिळावं म्हणून माणसं खिडकीपाशी सरकतात.

बागेतल्या ओढ्यावर पूल आहे. त्याचे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांवरून घेतलेले. डॅनियल काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईला येऊन ती लेणी पाहून गेले होते. पण घारापुरीचा खांब कोणी उभा केलेला नाही. भोवतालचा कातळ काढून टाकल्यावर तो उरला आहे. सीझिनकोटचा खांब दगड घडवून, रचून उभा केला, आणि त्याच्यावरून घोडागाड्या गेल्या. पुलाच्या कठड्यावर नंदी बसवले आहेत. आपल्याकडे नंदी म्हटला की त्याच्यासमोर महादेव असणारच. इथे थॉमस डॅनियलने आखलेल्या बागेत देऊळ आहे, ते सूर्याचं.

हसू येतं, पण मी स्वतःला आवरते. मीही सीझिनकोट पाहिलेलं नाही. छायाचित्रं आणि नकाशे यांवरूनच बोलते आहे. न पाहिलेल्या गावांबद्दलची पुस्तकं मी मराठीत आणली आहेत, आणि त्यांतले नंदी मी कुठे तोंड करून बसवले, हे मला कोणी विचारलेलं नाही.

फरक आहे तो हिशेबाचा. घुमट दिल्ली-आग्र्याकडचा, खांब घारापुरीचे. हे सगळं उभं करणारा पैसा मात्र बंगालचा, आणि त्या पैशाची खूण दगडात कुठेही कोरलेली नाही. उचललेल्या शब्दाचं मूळ निदान ओळखता येतं. इथे शब्द मिरवले आहेत आणि मूळ गाळलं आहे. सॅम्युएलला मूळ भाषा येत नव्हती, हे मी माफ करीन. चार्ल्सला ती येत होती.