मौलानांचा फिंजान आणि दोऱ्याची पुडी

साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद करायला सांगितलं. ग्रीन टी घ्या म्हणाले. दुकानात गेलो, तर समोर दोन गोष्टी आल्या: पंचवीस पुड्यांचं खोकं आणि सुट्या पानांचा डबा. दुकानदार म्हणाला, "सर, पुडीच न्या, गाळायची कटकट नाही." मी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो आणि मला मौलाना आझाद आठवले. उर्दू शिकवणाऱ्याचं असंच होतं.

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत अटक झाल्यावर मौलानांना काँग्रेस कार्यकारिणीच्या इतर नेत्यांसोबत अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथं त्यांनी मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे पत्रं लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती. 1946 साली ती 'गुबारे खातिर' या नावानं पुस्तकरूपात आली. त्यातलं एक लांबलचक पत्र चहावर आहे. पहाटे तीन-चारला उठायचं, चहा स्वतःच्या हातानं करायचा आणि लहानशा फिंजानातून घोट घोट घ्यायचा. चहा चिनी, 'व्हाइट जास्मिन' नावाचा. चमेलीच्या फुलांत मुरवलेला चहा बहुधा हिरव्या पानांचाच असतो. दूध घालण्याची रीत ही इंग्रजांची करामत, असं त्यांचं ठाम मत. आपल्याकडच्या दुधाळ चहाला ते पातळ हलव्याच्या रांगेत बसवतात. नेहरू बिनदुधाचा घेत, पण त्यांची धाव लोपचूपर्यंतच, म्हणून मौलाना त्यांनाही एक चिमटा काढतात.

वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. एकानं विचारलं, "सर, देश पेटलाय आणि हे चहाची पत्ती निवडतायत?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला पुढचं पान वाचायला सांगतो. त्याच किल्ल्यात असताना 9 एप्रिल 1943 रोजी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजारपणाच्या बातम्या येत होत्या, तरी सवलतीसाठी सरकारकडे विनंती करायला ते तयार झाले नाहीत आणि दिनक्रमही त्यांनी हट्टानं मोडू दिला नाही. तो पहाटेचा फिंजान त्या दिनक्रमातच होता. त्याला चैन म्हणायला माझी जीभ वळत नाही.

एका बाबतीत मात्र मौलाना चुकले. हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये पिकतो तो खरा चहाच नव्हे, असं ते लिहितात. वनस्पतिशास्त्र त्यांच्या बाजूला नाही. आसामचं झुडूप आणि चीनचं झुडूप एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. आणि दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत तर चिनी बियाणंच रुजवलेलं! म्हणजे नेहरूंची लोपचू मौलानांच्या चमेलीची जवळची नातेवाईक निघते. हिरवा आणि काळा हा फरकही झाडाचा नाही. पान खुडल्यावर लगेच कढईत परतलं (चीनमध्ये) किंवा वाफेवर धरलं (जपानमध्ये) की काळं पडण्याची क्रिया थांबते, आणि हिरवा चहा तयार होतो.

सुटं पान म्हणजे शुद्ध, अशी आपली समजूत असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट फॉर्च्यून चीनच्या चहाप्रदेशात वेश पालटून फिरला. परदेशी गिऱ्हाइकाला हिरवं हवं म्हणून पानांना प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम चोळताना त्यानं कारागिरांना पाहिलं. ते सगळं सुटंच पान होतं.

पुडीची गोष्ट अगदी अलीकडची. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरन या दोघींना 1903 साली कापडी पिशवीचं पेटंट मिळालं. त्यांचा हेतू साधा होता: एका कपासाठी किटलीभर चहा वाया जाऊ नये. नाव मात्र झालं न्यूयॉर्कच्या थॉमस सुलिव्हन या व्यापाऱ्याचं. त्यानं नमुन्याचा चहा रेशमी पिशव्यांतून पाठवला आणि लोकांनी पिशवीच गरम पाण्यात बुडवली, असं सांगतात. (बायकांचं काम, पुरुषाचं नाव, हा किस्सा चहापुरता नाही.) पुढे कागदी पुडी आली. तिच्यात सहसा बारीक चुरा भरतात, कारण चुरा झटकन उतरतो. उतरतो तसा कडूही लवकर होतो, आणि पान उलगडायला आत जागाच नसते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्लॅस्टिकच्या जाळीदार पुड्या उकळत्याच्या जवळपास असलेल्या पाण्यात ठेवून पाहिल्या, तर एकेका पुडीतून अब्जावधी सूक्ष्म कण सुटले. कागदी पुडीला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्या रेशमासारख्या दिसणाऱ्या चकचकीत पिरॅमिडच्या वाटेला मी जाणार नाही.

शेवटी दोन्ही घेतलं. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत, स्टाफरूमच्या एका किटलीवर, पान मुरवत बसणं शक्य नाही. तिथं कागदी पुडी. घरासाठी कांगड्याचं सुटं पान, शंभर ग्रॅम. फजरनंतर पाणी उकळून पाच मिनिटं निववतो, पान टाकतो, दोन-तीन मिनिटांत गाळतो. तेच पान दुसऱ्यांदाही चालतं, त्यामुळे महाग वाटलेला डबा महिन्याच्या हिशेबात तितका महाग पडत नाही.

पहिल्या दिवशी अम्मींना कप दिला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, इसमें चाय डालना भूल गया क्या?" मग उठून स्वतःसाठी दूध तापत ठेवलं.